घोड्याची शेवटची सात मिनिटं

कुठलंही गाणं कानावर पडलं की माझ्या मनात पहिला विचार येतो तो हाच, की हा माणूस मला फसवतोय का? सूर, ताल, शब्द सगळं नंतर. माझी मुलगी म्हणते, "आई, तू गाणं ऐकत नाहीस, उलटतपासणी घेतेस." घेते. हिंगोलीच्या एसटी स्टँडजवळ माझं औषधाचं दुकान आहे. इतकी वर्षं औषधं विकून एक सवय अंगात भिनली आहे. लेबल वाचल्याशिवाय काही हातात घ्यायचं नाही, आणि देणाऱ्यानं गोड हसून दिलं तर तारीख दोनदा बघायची.

मागच्या वर्षी मुलीनं माझ्या फोनवर गाण्यांचं ॲप टाकून दिलं. रोज सकाळी त्यात एक यादी येते, "खास तुमच्यासाठी". माझ्यासाठी? तिथं मला ओळखतं कोण? मी ती यादी दुकान उघडताना लावते आणि एकेक गाणं निकालात काढते. आजकालचं पॉप पहिल्या दहा सेकंदांतच गळ्यात पडतं. अनोळखी माणूस पहिल्याच भेटीत "ताई, तुम्ही म्हणजे अगदी घरच्या" असं म्हणायला लागला की मी सावध होते, तशी या गाण्यांपासूनही होते. चौघांच्या टाळ्या चारशेंच्या करून लावलेल्या असतात. आवाजाला अशी इस्त्री फिरवलेली असते की गाणारीला श्वास घ्यावा लागतो की नाही, तेच कळत नाही.

रॉकवाले वेगळ्या जातीचे लबाड. ओरडलं म्हणजे खरं वाटतं, असा त्यांचा पक्का समज. आमच्या मोंढ्यात हळदीच्या लिलावाला याच्यापेक्षा जीव तोडून ओरडतात, पण कुणी त्याला दुःख म्हणत नाही. आणि इलेक्ट्रॉनिक संगीतात तर जाब विचारायला माणूसच सापडत नाही. यंत्र वाजतंय, की यंत्रामागं कुणी बसलंय, की कुणीतरी बटण दाबून चहाला गेलंय?

एवढी नाकं मुरडूनही मी हेच ऐकते, सतराव्या वर्षापासून. आणि या सगळ्या झाडाझडतीतून सहीसलामत सुटलेली एकच गोष्ट होती. 'घोडा' नावाच्या अल्बमचं शेवटचं गाणं. दुसरं काही चांगलं की वाईट, हे मी त्या गाण्याशेजारी ठेवून ठरवायची. ते खोटं निघालं असतं तर माझा कानच खोटा ठरला असता, आणि कानाशिवाय गर्व करावा असं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

अल्बमचं नाव अर्थात 'घोडा' नव्हतं. ते नाव मामूंनी ठेवलेलं.

मामू म्हणजे स्टँडसमोरच्या दुरुस्तीच्या दुकानाचे मालक. रेडिओ, टेप, मिक्सर, लग्नाच्या बँडवाल्यांचे भोंगे आणि कीबोर्ड, सगळं त्यांच्याकडं यायचं. बाजूला कॅसेट भरून द्यायचंही काम चालायचं. कोरी कॅसेट न्यायची, गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घ्यायची. सगळं गाव त्यांना मामू म्हणायचं, म्हणून मीही म्हणायची. त्यांना इंग्लिश वाचता येत नव्हतं. त्यामुळं माझ्या कॅसेटवर ते कव्हरवरच्या चित्राचं नाव लिहायचे, सुंदर, गोल अक्षरात. 'दिवा'. 'घोडा'. 'छत्री'. खरी नावं मला माहीत होती, पण आमच्या दोघांत हीच चालायची आणि माझ्या डोक्यात अजूनही हीच आहेत.

माझा एक मामेभाऊ पुण्याला होस्टेलवर होता. सुट्टीला आला की सीडी आणायचा, भाव खायचा आणि परत जाताना घेऊन जायचा. आमच्याकडं सीडी वाजवायचं यंत्र नव्हतं, नुसता टेपरेकॉर्डर होता. मग तो गावात असेपर्यंत मी त्याची सीडी पळवून मामूंकडं न्यायची आणि साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरून घ्यायची. कोर्टात टायपिस्ट असलेल्या माझ्या वडलांना वाटायचं, पोरगी इंग्लिश सुधारतेय.

मामूंचा एक नियम होता. कॅसेट रिकामी सोडायची नाही. "साठ मिनटाचे पैसे घेतले तं साठ मिनटं द्यायला पायजेत. पाच मिनटं कोरी सोडली तं ती बेइमानी झाली," असं ते म्हणायचे. त्यामुळं गावातल्या कुणाच्याही कॅसेटच्या शेवटी अर्धी कव्वाली नाहीतर पाऊण भजन हमखास निघायचं. मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मामू, माझ्या इंग्लिशच्या मागं कव्वाली घालू नका बरं." ते "बराबर" म्हणाले होते.

पहिला आला 'दिवा'. इलेक्ट्रॉनिक. कव्हरवर काळोखात एक दिवा. गाणारं कुणी नाही, तासभर नुसता ठोका आणि त्यावर सरकणारे सूर. तो बरोबर साठ मिनिटांचा होता, कॅसेटभर पुरला. मला पहिल्या ऐकण्यातच संशय आला आणि मी दुसऱ्या दिवशी मामूंना जाऊन सांगितलं, "मामू, ह्याच्यात माणूसच न्हाई. मशीनच वाजून राहिलंय."

मामूंनी हातातली सोल्डरिंगची सळई बाजूला ठेवली, कॅसेट लावली आणि डोळे मिटून ऐकली. मग म्हणाले, "हाय ताई, माणूस हाय. बघा, हितं. बोट उशिरा पडून राहिलंय."

मला काही ऐकू आलं नाही. त्यांनी टेप मागं घेतली, पुन्हा लावली. चौथ्या वेळी मला ते कळलं. ठोका यंत्राचा होता, पण वरचा सूर दर वेळी अगदी केसभर मागून येत होता, जणू वाजवणाऱ्याला तो सोडवत नव्हता. "मशीन कधी उशीर करीत न्हाई. उशीर माणूसच करतो," मामू म्हणाले. संगीताबद्दल मला आजपर्यंत मिळालेलं शिक्षण एवढंच, पण ते जन्मभर पुरलं.

मग आला 'घोडा'. चौघांचा रॉक बँड, गायकाचा गळा घोगरा, गाव सोडून निघाल्याची नऊ गाणी. पहिली बाजू मी तोंड वाकडं करूनच ऐकली. हा माणूस पहिल्या गाण्यात गाव सोडतो, तिसऱ्यात सोडतो, पाचव्यातही सोडतो. मला वाटलं, बाबा रे, एकदाचा जा तरी. गिटार रडते तिथंच रडते, ड्रम थांबायचा तिथंच थांबतो. नवव्या गाण्यात तो जीव खाऊन ओरडला आणि संपलं. आणि मग, मी बटण बंद करायला उठणार तेवढ्यात, एक सूर आला.

कीबोर्डचा एकच सूर, बराच वेळ धरलेला. शब्द नाहीत, ठोका नाही. मग पाच सूर चढत गेले आणि वर पोचायच्या आधीच थांबले. पुन्हा तेच, थोडं निराळं. मधे कुठंतरी दूरवर शिट्टी, दोन छोट्या, एक लांब. आणि एका जागी बोट उशिरा पडलं. इतकं उशिरा की मला वाटलं, आता हा वाजवणारच नाही. सात मिनिटं तसंच. मी टेपरेकॉर्डरसमोर फरशीवर बसून राहिले. गाव सोडायची नऊ गाणी एकीकडं आणि ती शिट्टी एकीकडं. मला वाटलं, आत्ता कुठं हा माणूस खरं बोलायला लागला. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

कव्हरवर गाणी नऊच लिहिलेली होती, ते मी तेव्हाच बघितलं होतं. मी आणि लेबल वाचणार नाही? पण मामेभावानंच एकदा सांगितलेलं होतं, की हे परदेशी लोक कधीकधी शेवटी एक गाणं गुपचूप घालतात, कव्हरवर लिहीत नाहीत. झालं. माझं शहाणपण तिथंच पूर्ण झालं. मी ते ज्ञान मामूंनाही दिलं.

"शेवटचं गाणं कव्हरवर लिहीत न्हाईत, मामू."

"असं व्हय? काहून?"

"जो शेवटपर्यंत ऐकल, त्यालाच मिळावं म्हणून. आन् खरं सांगू का? सगळ्या कॅसेटमधी तेवढंच एक खरं हाय. बाकी चौघं नुसते ओरडून राहिलेत."

मामू मान खाली घालून एका रेडिओचं झाकण बसवत राहिले. पुढं महिनाभर मी जाता-येता त्यांना त्या गाण्याबद्दल ऐकवलं असेल. भावाशीही भांडले. तो म्हणाला, माझ्या सीडीत असलं काही नाहीच. मी म्हटलं, तू शेवटपर्यंत ऐकतोस कधी? त्यानं हात जोडले आणि सीडी घेऊन पुण्याला गेला.

पुढच्या सुट्टीत 'छत्री' आली. पॉप. पिवळी छत्री घेतलेली बाई, सगळी गाणी उड्या मारणारी. दोन गाण्यांच्या मधे ती हसते. तेच हसू सहाव्या गाण्यानंतर पुन्हा येतं, अगदी तसंच, म्हणजे एकदा हसून ठेवलेलं दोनदा वापरलं. एवढं एक कारण मला तिच्यावर कायमची फुली मारायला पुरेसं होतं. आणि शेवटी याही कॅसेटवर न लिहिलेलं एक गाणं निघालं. पुन्हा कीबोर्ड. पण हे घाईचं, भरगच्च, बाईच्या चालींसारखं उड्या मारू बघणारं. मला वाटलं, 'घोडा'वाल्यांची नक्कल करायला कुणालातरी बसवलंय.

दुसऱ्या दिवशी मी मामूंच्या दुकानात गेले. दोन-तीन गिऱ्हाईकं उभी होती. मी तिथंच सुरू केलं, "मामू, छत्रीचं शेवटचं गाणं म्हंजे निव्वळ फसवणूक हाय. ज्यानं वाजवलंय त्याला वाजवता येत न्हाई अन् लाजही वाटत न्हाई." गिऱ्हाईकं हसली. मला चेव आला आणि मी अजून दोन वाक्यं बोलले. ती मला आठवत नाहीत, हे बरंच आहे.

आठ दिवसांनी मी नवी सीडी घेऊन गेले तर मामू म्हणाले, "मशीन खराब झालं ताई. आता न्हाई भरून मिळणार."

यंत्राचा लाल दिवा लागलेला मला दिसत होता. आत कॅसेट फिरत होती.

"हे तं चालू हाय."

"खराब हाय," त्यांनी पुन्हा सांगितलं आणि पाठ फिरवली.

मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि त्यानंतर पंचवीस वर्षं ती चुकचुकतच राहिली. मी मुलगी असून सारखी त्यांच्या दुकानात जाते म्हणून लोक काही बोलले असतील. त्यांच्या घरातून कुणी हटकलं असेल, नाहीतर माझ्याच घरातून कुणी जाऊन काही सांगून आलं असेल. मी वडलांकडं संशयानं बघितलं, शेजारणींकडं बघितलं. मामूंकडं तर बघणंच बंद केलं. पुढं नांदेडला फार्मसी केली, लग्न होऊन हिंगोलीतच राहिले आणि दुकान टाकलं ते नेमकं त्यांच्यापासून शंभर पावलांवर. मामूंना रक्तदाबाच्या गोळ्या लागतात हे मला कळलं होतं. त्या घ्यायला ते माझ्या दुकानावरून पुढं, चौकातल्या दुकानात जायचे. मी काउंटरमागून बघायची. वाईट वाटायचं, आणि म्हणून मी आणखी ताठ बसायची.

तर हे ॲप आलं आणि एके दिवशी मी त्यात 'घोडा' शोधला. कव्हर तेच. नऊ गाणी ऐकली. गायक अजूनही गाव सोडूनच राहिला होता. नववं संपलं, मी श्वास धरून बसले, आणि ॲपनं तिसऱ्याच कुणाचं तरी गाणं लावलं. खास माझ्यासाठी.

मी पुन्हा शोधलं. मुलीला बसवलं. ती अर्धा तास फोनमध्ये डोकं घालून म्हणाली, "आई, असं गाणंच नाही. त्या बँडचे एवढे चाहते सगळं खोदून काढतात, पण त्यांच्याही यादीत कुठं नाही."

"कंपनीनं काढून टाकलं असेल."

"कशाला?"

"तेच तर. कुठंतरी पाणी मुरतंय."

पुण्याला भावाला फोन लावला. तो म्हणाला, "मी तुला तेव्हाच सांगितलं होतं," आणि हे वाक्य बोलायला मिळाल्याचा त्याला जो आनंद झाला तो मला फोनवरही दिसला.

मग मी कपाटातून तो जुना टेपरेकॉर्डर आणि कॅसेट काढली. रविवारची सकाळ होती. बेल्ट ढिला झाल्यामुळं टेप जरा रेंगाळत चालत होती, पण गाणं तेच होतं. मी मुलीकडं विजयानं बघितलं. ती ऐकत होती. शिट्टी आली, दोन छोट्या, एक लांब. तिनं भुवया वर केल्या. शिट्टी पुन्हा आली.

"आई," ती म्हणाली, "ही एसटीची शिट्टी आहे."

ती सेनगावच्या कॉलेजात शिकते. रोज सकाळ-संध्याकाळ आमच्या स्टँडवर उभी असते. गाडी फलाटावरून मागं घेताना कंडक्टर मागं उभा राहून अशीच शिट्टी मारतो, हे तिनं मला सांगायची गरज नव्हती. माझं दुकान तिथंच आहे. तीच शिट्टी मी दिवसातून पन्नास वेळा ऐकते. आणि पंचवीस वर्षं मी लोकांना सांगत होते, की त्या शिट्टीत अख्ख्या अल्बमचं दुःख आहे.

मुलगी हसली. मी हसले नाही. पहिल्यांदा नुसता राग आला, आणि मागून भीती. हे हिंगोलीत भरलं गेलं होतं. माझ्या कॅसेटवर, माझ्या पाठीमागं, मामूंनी काहीतरी घातलं होतं. काय? कुणाचा कचरा? जगभर नावाजलेला बँड आणि स्टँडसमोरचा कचरा यांतला फरक मला कळला नाही? आणि मी इतरांची उलटतपासणी घेत बसले होते! त्या दुपारी मी बाकीच्या सगळ्या कॅसेटही ऐकल्या. 'दिवा'च्या शेवटी काहीच नव्हतं. 'छत्री'च्या शेवटी ते घाईचं गाणं होतं, आणि त्यातही मागं, अगदी बारीक, स्टँडवरचा भोंगा.

सोमवारी दुपारी टेपरेकॉर्डर पिशवीत घालून मी ती शंभर पावलं चालत गेले. दुकानाच्या पुढच्या भागात आता मामूंचा चाळिशीतला मुलगा मोबाईलची कव्हरं आणि चार्जर विकतो. मागच्या कोपऱ्यात दिव्याखाली मामू बसलेले होते, जाड चष्मा लावून, कुणाचा तरी रिमोट उघडून.

"मामू, बेल्ट ढिला झाला."

त्यांनी माझ्याकडं न बघता टेपरेकॉर्डरकडं बघितलं. "अजून चालू हाय म्हंजे नशीब. ठेवा."

मी कॅसेट काढून त्यांच्यापुढं ठेवली. वर त्यांचंच अक्षर, 'घोडा'. त्यांचा हात थांबला. रस्त्यात मी एक सभ्य वाक्य तयार केलं होतं, ते कुठं गेलं कळलं नाही.

"ह्याच्या शेवटी काय घातलं व्हतं तुमी?"

त्यांनी पुढं मुलाकडं एक नजर टाकली. "हळू बोला ताई."

त्यांनी आधी बेल्ट बदलला. मग कॅसेट घातली, शेवटाकडं नेली, आणि आवाजाच्या बटणावर दोन बोटं ठेवून अगदी हळू लावली, पुढं ऐकू जाणार नाही इतकी. नव्या बेल्टवर तो सूर पुन्हा सरळ उभा राहिला. शिट्टी आली.

"सेनगावची गाडी," मामू म्हणाले.

"आन् वाजवतंय कोण?"

त्यांनी काढलेला जुना बेल्ट बोटाला गुंडाळला. "बँडवाल्याचा कीबोर्ड आला व्हता दुरुस्तीला. तुमची कॅसेट सात मिनटं रिकामी राहून राहिली व्हती. कव्वाली घालू नका म्हणल्या तुमी. कोरी तं देता येत न्हाई. मंग माइक ठेवला आन् वाजवलं. तुमच्या गाण्याच्या मागं शोभल असं."

म्हणजे कचरा नव्हता. मामू होते. "मंग मला सांगितलं काहून न्हाई?"

"सांगणारच व्हतो. पर तुमी आल्या आन् म्हणल्या, सगळ्यात तेवढंच खरं हाय. मला वाटलं, पोरगी हुशार हाय, वळखलं हिनं, आन् मजा घेऊन राहिली. ते कव्हरवर लिहीत न्हाईत म्हणून बी सांगितलं तुमी. मंग तं खात्रीच झाली. त्या लोकांपक्षा मी चांगला वाजवतो, असं मजा घेतल्याबिगर कोण म्हणल?"

"तरी छत्रीवर पुन्हा वाजवलं?"

"मनात आलं, खरंच आवडलं असल तं?" ते म्हणाले. "एकडाव पाहावं म्हणलं. तीन दिवस कीबोर्ड ठेवून घेतला. बँडवाल्याला खोटंच सांगितलं, पार्ट आला न्हाई म्हणून. लई तयारी केली व्हती त्याची. आन् तुमी आल्या, आन् चार लोकांत म्हणल्या..."

ते थांबले. त्यांना ते वाक्य पाठ होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मलाही पाठ होतं. माझे कान गरम झाले. इतकी वर्षं मी लोकांवर, घरच्यांवर, शेजारणींवर संशय घेतला. स्वतःच्या तोंडावर एकदाही घेतला नाही.

"मामू, मला वाटलं, मी पोरगी म्हणून लोक काही बोलले असतील."

"लोक? न्हाई ताई. लोकांची काय तकलीफ व्हती?"

टेप संपून खट् आवाज झाला. मामूंनी चष्म्यातून माझ्याकडं पहिल्यांदा सरळ बघितलं. "एक विचारू? ते छत्रीवालं. आता ऐकलं तं कसं वाटतं?"

मी ते कालच ऐकलं होतं. पंचवीस वर्षांचं नुकसान दोन गोड शब्दांत भरून काढायची संधी समोर होती. पण ते माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते ती नजर मी ओळखते. औषधाच्या खोक्यावरची तारीख मी तशीच बघते. आणि जन्मात कुठल्याही गाण्याबद्दल मी खोटं बोललेली नाही.

"खराब हाय, मामू. तवा बी व्हतं, आता बी हाय. बोट सगळीकडं लवकर पडलंय. लई घाई हाय त्याच्यात."

पुढून मुलानं दचकून मान वर केली. मामू माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"खराबच हाय," ते म्हणाले. "लई खराब. मला तवाच माहीत व्हतं." शर्टाच्या टोकानं त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "म्हंजे घोड्याचं तुमी मजेनं न्हाई म्हणल्या."

"न्हाई मामू. ते खरंच हाय."

त्यांनी टेप मागं घेतली, नवव्या गाण्याच्या शेवटापर्यंत. बटणावरची बोटं या वेळी त्यांनी फिरवली, पूर्ण. तो एक सूर अख्ख्या दुकानात भरला, चार्जर घ्यायला आलेली माणसं मागं वळून बघायला लागली, आणि मुलगा हातातलं मोबाईलचं कव्हर तसंच धरून आत आला.

"अब्बा, हे कोणाचं हाय?"

"शिट्टी एसटीची हाय," मामू म्हणाले. "बाकी माझं."